‘कमजोरी’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की वय ३३, लग्नाला दोन वर्षं, इंदूरला सुदामानगरात आईवडिलांसोबत राहता, सात-आठ महिन्यांपासून बायकोजवळ गेलं की सुरुवातीला ताठरता येते आणि ऐन वेळेला ढिलं पडतं, सकाळी उठल्यावर मात्र सगळं ठीक असतं. ओळखीच्या मेडिकलवाल्याने निळी गोळी दिली, ती एकदा चालली, दोनदा नाही चालली. जिममधला कोणी म्हणतोय टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे. बायको म्हणते मी तुला आवडतच नाही, आणि तिला आता इच्छा होत नाही, ‘आधी तिला दुखायचंही’. आणि शेवटी विचारलंय, मी नपुंसक आहे का आणि नक्की कुठली गोळी घेऊ.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो, नाही. दुसऱ्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही म्हणून हे एवढं लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

मी इंदूरमध्ये २२ वर्षं मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, त्यातले निम्म्याच्या आसपास पेशंट याच तक्रारीचे. इथे आपली मराठी माणसंसुद्धा हा विषय निघाला की हिंदीत शिरतात, काय माहीत का, परकी भाषा बोलली की लाज कमी वाटत असेल. दारातून आत आले की दोनच शब्द, ‘कमजोरी’ नाहीतर ‘टाइमिंग’. आणि नीट विचारायला बसलं की कमजोरी म्हणणाऱ्या चार जणांत एकाला इच्छाच होत नसते, दुसऱ्याला इच्छा आहे पण ताठरता येत नाही, तिसऱ्याला ती येते पण अर्ध्या मिनिटात सगळं संपतं, आणि चौथ्याला काहीच झालेलं नसतं, लघवीतून काहीतरी पांढरं गेलं म्हणून तो घाबरलेला असतो. चौघांचं औषध वेगळं, काहींना तर औषधच नाही. म्हणून मी कुणालाही पहिला प्रश्न हाच विचारतो, की बाबा नक्की कुठपर्यंत नीट जातं आणि कुठून बिघडतं.

हे ‘कुठपर्यंत’ मोजायची पट्टी आहे. अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या दोघांनी जवळपास ७०० स्त्री-पुरुषांच्या शरीरात संबंधाच्या वेळी काय काय होतं ते प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलं आणि १९६६ साली चार टप्पे मांडले. आधी उत्तेजना, मग ती वरच्या पातळीवर टिकून राहते तो टप्पा, मग परमोच्च क्षण, आणि मग शरीर पूर्वस्थितीला येतं तो शेवटचा. त्या शेवटच्या टप्प्यात पुरुषाला काही वेळ पुन्हा ताठरता येतच नाही, पंचविशीत हा वेळ मिनिटांचा असू शकतो आणि साठीत दिवसभराचाही, त्यात आजार काही नाही (हे मुद्दाम सांगतो, कारण ‘दुसऱ्यांदा होत नाही’ म्हणून फी भरून आलेले लोक मी पाहिलेत). पण या चारात एक गोष्ट राहून गेली होती, ती न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ हेलन सिंगर कॅप्लन यांनी सत्तरच्या दशकात पकडली. ज्यांच्यावर उपचार लागू पडत नव्हते त्यातल्या बऱ्याच जणांचा घोटाळा उत्तेजनेच्याही आधी होता, इच्छाच नव्हती. म्हणून त्यांनी इच्छा, उत्तेजना, परमोच्च क्षण असे तीन भाग केले, आणि मी ओपीडीत अजूनही हेच तीन वापरतो, त्यात चौथं स्वतःचं एक जोडतो, दुखणं. कारण दुखणं कुठल्याही टप्प्यावर येऊ शकतं आणि आलं की पुढचं-मागचं सगळं बिघडवतं.

आता तुमचं बघू. इच्छा आहे, असं तुम्ही लिहिलंय. सुरुवातीची ताठरता येते. ती टिकत नाही. म्हणजे अडतंय ते उत्तेजना टिकण्याच्या ठिकाणी, आणि तेही फक्त बायकोसोबत आणि फक्त ऐन वेळेला. सकाळी ठीक असतं ही माहिती माझ्यासाठी फार कामाची आहे. झोपेत, स्वप्नांच्या झोपेच्या वेळी, निरोगी पुरुषाला रात्रीतून साधारण तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते आणि सकाळी जाग येते ती बहुतेक वेळा त्यातल्या शेवटच्या वेळी. ती येतेय म्हणजे नसा, रक्तवाहिन्या, हार्मोन ही सगळी मंडळी बऱ्यापैकी कामावर आहेत. शंभर टक्के खात्री नाही, पण याच तक्रारीचा ५५ वर्षांचा डायबिटीसवाला, ज्याला सकाळीही काही होत नाही, त्याच्यापेक्षा तुमची केस अगदी वेगळी.

मग ऐन वेळेला काय होतं? ताठरता येते ती रक्त भरून, आणि रक्त आत सोडायची ऑर्डर देणाऱ्या नसा शरीराच्या निवांत असण्याच्या यंत्रणेतल्या, पॅरासिम्पथेटिक म्हणतात ती. त्या नसांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, स्नायू सैल पडतात, रक्त आत येतं. याच्या उलट ॲड्रेनॅलिन. समोर कुत्रा धावून आला तर शरीर जे सोडतं ते. ते आलं की तेच स्नायू आवळतात आणि रक्त परत. आता शरीराला कुत्रा आणि ‘आज पण नाही जमलं तर’ हा विचार यांतला फरक कळत नाही हो. एकदा कधीतरी, थकव्याने म्हणा दारूने म्हणा, ढिलं पडतं, पुढच्या वेळी माणूस संबंधात नसतोच, तो स्वतःवर पहारा देत असतो, आहे का, टिकलंय का, गेलं का. मास्टर्स-जॉन्सनने याला प्रेक्षक होणं म्हटलं, मला ते अगदी पटतं, मॅच खेळता खेळता स्कोअरबोर्ड बघत बसलं तर बॉल कसा दिसणार. आणि गंमत म्हणजे वीर्यस्खलनाची ऑर्डर त्या घाबरण्याच्या यंत्रणेकडूनच, सिम्पथेटिककडूनच जाते. त्यामुळे एकच भीती ताठरता घालवते आणि स्खलन लवकरही करून टाकते. ‘दोन-दोन आजार झालेत’ म्हणून रडवेले झालेले लोक येतात, असतो एकच.

इथपर्यंत कुठलाही डॉक्टर तुम्हाला सांगेल, आणि ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवेल. मला मात्र तुमच्या मेसेजमधलं दुसरंच वाक्य खटकलं. ते तुम्ही शेवटी, जाता जाता टाकलंय. ‘आधी तिला दुखायचंही.’

कधीपासून दुखायचं? लग्नापासून? आता दुखत नाही, की आता तिथपर्यंत जातच नाही म्हणून दुखत नाही? माझा अंदाज, आणि अंदाजच आहे, तिला न तपासता जास्त बोलणार नाही, की गोष्ट तिथून सुरू झालीय आणि दिसतेय तुमच्यात.

स्त्रीच्या बाजूनेही तोच उत्तेजनेचा टप्पा असतो, फक्त बाहेरून दिसत नाही. रक्तपुरवठा वाढतो, योनीच्या भिंतींतून ओलावा झिरपतो, आणि आतला वरचा भाग लांब आणि रुंद होतो. याला वेळ लागतो. किती लागतो हे बाईबाईवर, दिवसावर, शेजारच्या खोलीत कोण खोकतंय यावर अवलंबून. ते व्हायच्या आधी प्रवेश केला की कोरड्यावर घर्षण, म्हणजे दुखणारच. दोन-चारदा दुखलं की पाचव्या वेळी तिचं शरीर आधीच तयारीत असतं, खालचे स्नायू आपोआप आवळून घेतात, डोळ्याजवळ कोणी बोट नेलं की पापणी मिटते तसं. ती मुद्दाम करत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. व्हजायनिस्मस म्हणतात तो हाच प्रकार. आवळलेल्या स्नायूंवर प्रवेश म्हणजे आणखी दुखणं, मग ती अंग चोरते, मग दिवसा हात धरला तरी तिला वाटतं की आता हे रात्रीपर्यंत जाणार आणि ती उठून स्वयंपाकघरात जाते. दुखण्याने उत्तेजना गेली, उत्तेजनेपाठोपाठ इच्छा गेली. तिला ‘थंड’ म्हणाल तर मोठी चूक कराल.

आणि तुमचं काय होत असेल? नेमक्या त्या क्षणाला तिचा चेहरा आक्रसतो. तुम्ही भले माणूस असाल तर तुमच्या शरीराने तिथे ब्रेक मारलाच पाहिजे. मारला. तुम्ही त्याला कमजोरी समजलात, तिने ते नावड समजली.

असं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं, ओळख लागू नये म्हणून तपशील बदलतोय, दीड वर्ष नवरा एकटाच येत होता. तपासण्या नॉर्मल, गोळ्या झाल्या, समुपदेशन झालं, सुधारणा चार आणे. मीही तेव्हा बायकोला बोलवा असा आग्रह धरला नाही, ही माझी चूक. शेवटी ती आली ती फाईल द्यायला, आणि दारात उभी राहून म्हणाली, डॉक्टर, ते थांबले की खरं सांगू का, मला सुटल्यासारखं वाटतं. दीड वर्षाचा उपचार चुकीच्या माणसावर चालला होता. तेव्हापासून जोडीदार असेल तर दोघांना बघितल्याशिवाय मी काही ठरवत नाही, एकदा एकत्र आणि एकदा वेगवेगळं, कारण सासूच्या घरात राहणारी बाई नवऱ्यासमोर सगळं बोलत नाही आणि नवरा तर बोलतच नाही.

आता तुमची गोळी. ती निळी गोळी म्हणजे बहुधा सिल्डेनाफिल, हे औषध १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालं. ती करते काय, तर नायट्रिक ऑक्साइडने सुरू झालेलं काम लवकर पुसलं जाऊ देत नाही. म्हणजे काम आधी सुरू व्हायला हवं, इच्छा आणि स्पर्श लागतोच, गोळी घेऊन टीव्ही बघत बसलात तर काही होणार नाही. इच्छा ती निर्माण करत नाही, आणि बायकोचं दुखणं तर घालवत नाहीच नाही. अर्ध्या ते एक तासात असर सुरू होतो, पण तेलकट-तुपकट जेवणावर घेतली तर बराच उशीर होतो. तुम्ही कधी घेतली ते लिहिलं नाहीत, पण शनिवारी रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस आणि वर रबडी-जिलबी हाणून घरी येऊन गोळी घेणारे ‘भिया’ (भाऊ) लोक मला दर हिवाळ्यात भेटतात, की डॉक्टर साब, असर नहीं हुआ. पोटाला आधी गराडूचा हिशेब करू द्या की.

मजेचा भाग सोडून एक गंभीर. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी ज्यांना चालू आहे त्यांनी ही निळी गोळी घ्यायची नाही म्हणजे नाही, बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. तुम्ही ३३ चे आहात, तुम्हाला नसेल, पण मेडिकलवाल्याने हे विचारलं का? नसेल विचारलं. आणि कोणतीही गोळी घेऊन चार तासांच्या वर ताठरता उतरलीच नाही तर तो चमत्कार समजून खूष होऊ नका, सरळ इमर्जन्सीत जा.

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर अजिबात नको. ते मुख्यतः इच्छेच्या टप्प्यावर काम करतं, आणि ज्याचं रक्तात कमी आहे त्याच्यातच. बाहेरून घेतलं की मेंदू वृषणांना सुट्टी देतो आणि शुक्रजंतू बनायचे कमी होतात, कधी कधी बंदच. लग्नाला दोन वर्षं झालीत, घरात ‘गुड न्यूज’ची चौकशी सुरू झाली असणारच, आणि तुम्ही मर्दानगी वाढवायला म्हणून नेमकं मूल न होण्याचं औषध टोचून घेणार. लेव्हल बघायची असेल तर सकाळी लवकर रक्त द्या, दुपारनंतर ती उतरते, आणि एकदा कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून मगच काय ते.

माझा अंदाज कुठे चुकू शकतो तेही सांगतो. सकाळची ताठरताही हळूहळू कमी होतेय का, बायको नसताना, एकट्याने हस्तमैथुन करतानाही तसंच होतं का, असं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी फिजिशियनकडे जा. बीपी, उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या, त्यामुळे चरबीचा थर बसायला लागला तर अडचण बारीक नळीत आधी कळते, हार्टच्या त्रासाच्या काही वर्षं आधी. चाळिशीच्या पुढच्या माणसाला तर मी ही तक्रार म्हणजे हृदयाची तपासणी करायचं निमित्तच समजतो. शिवाय औषधं. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांनी (आम्हीच देतो त्या) इच्छा कमी होते आणि स्खलन लांबतं, बीपीच्या काही गोळ्यांनी ताठरता कमी होते, केस गळू नयेत म्हणून घेतात त्या फिनास्टेराइडनेही काहींना त्रास होतो. सिगारेट आणि रोजचे दोन पेग हे तर विचारायलाच नको. तुम्ही यातलं काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे नाही असं मी धरत नाही. नाव द्यायचंच तर आम्ही साधारण सहा महिने, आणि बहुतेक वेळा तसंच होत असेल, आणि त्याचा मनस्ताप असेल, तरच आजार म्हणतो. एखाद-दोनदा होणं हे सगळ्यांच्या आयुष्यात आहे, सांगत कोणी नाही.

थोडक्यात इथवर असं, की तुमचं अडतंय ते टिकण्याच्या टप्प्यावर, बहुधा भीतीने. तिचं अडलं होतं दुखण्यावर, तिथून ते मागे सरकत इच्छेपर्यंत गेलं. आणि दोन्ही एकमेकांत अडकलेत म्हणून फक्त तुमच्यावर केलेला इलाज लागू पडत नाहीये.

माझ्याकडे आला असतात तर काय केलं असतं ते सांगतो. पहिलं, संबंधावर बंदी. खरंच, तीन-चार आठवडे प्रवेशाचा प्रयत्नसुद्धा नाही. लोक आधी हसतात, मग त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं. या काळात आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटं, मोबाईल खोलीबाहेर, एकाने दुसऱ्याला नुसता स्पर्श करायचा, पाठ, हात, डोकं, पाय, आणि मग पाळी बदलायची. छाती आणि खालचा भाग पहिले दोन आठवडे वगळायचा. उद्देश उत्तेजित होणं हा नाहीच, काय बरं वाटतं आणि काय नाही हे एकमेकांना तोंडाने सांगायला शिकायचं. मग हळूहळू वगळलेले भाग, मग ताठरता आली तर मुद्दाम थांबून ती जाऊ द्यायची आणि पुन्हा येते हे बघायचं. ती जाऊन परत येते हे एकदा स्वतः पाहिलं की पहारेकऱ्याची निम्मी नोकरी जाते. हा उपाय मास्टर्स-जॉन्सनचाच, ५० वर्षांहून जुना, आणि मला अजून याच्याइतकं दुसरं काही कामाचं सापडलं नाही.

त्याच वेळी तिने स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, लेडी डॉक्टर असेल तर तिला सोपं जाईल. इन्फेक्शन, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), त्वचेचा काही त्रास, हे बघून घ्यायला लागतं, कारण दुखण्याचं प्रत्येक कारण स्नायूंचं नसतं. डॉक्टरने न तपासता ‘एक मूल झालं की ठीक होईल’ म्हटलं तर दुसरी डॉक्टर शोधा. स्नायूंचंच निघालं तर पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंची फिजिओथेरपी असते, ते स्नायू सैल सोडायला शिकवतात, लहानपासून मोठ्या आकाराचे डायलेटर (योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत कांड्या) असतात ते ती स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वेगाने वापरते. आणि प्रवेश पुन्हा सुरू कराल तेव्हा पाण्यावर आधारित जेली वापरा, खोबरेल तेल वापरत असाल तर लक्षात ठेवा, तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमजोर होऊन फाटतो.

तिची इच्छा परत यायची वाट बघत बसू नका, आणि ती रुसलीय असंही धरू नका. कॅनडाच्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली एक वेगळंच चित्र मांडलं, की बऱ्याच स्त्रियांत, विशेषतः लग्नाला काही काळ झाल्यावर, इच्छा आधी आणि जवळीक नंतर असा क्रम नसतोच. मन मोकळं असतं, स्पर्श बरा वाटतो, उत्तेजना येते आणि इच्छा त्याच्यानंतर जागी होते. हे कळलं की ‘ती स्वतःहून कधी येतच नाही’ ही तक्रार जरा मवाळ होते. फक्त मधला स्पर्श बरा वाटायला हवा, त्यात दुखण्याची धास्ती नको.

घराचाही विचार करा. उत्तेजनेला ॲक्सिलेटर असतो तसे ब्रेकही असतात, आणि कित्येकदा लोक ॲक्सिलेटर दाबत राहतात, दुसरा पाय मात्र ब्रेकवरच असतो. पातळ भिंत, पलीकडे आईचा रात्री बारापर्यंतचा टीव्ही, दाराची कडी नीट लागत नाही. हसू नका, कडी बदलून फरक पडलेली जोडपी आहेत माझ्याकडे. महिन्यातून एखादी रात्र मांडू, ओंकारेश्वर कुठेही जाऊन राहा, पण ‘आज तरी जमवायचंच’ म्हणून जाऊ नका, त्या बंदीच्या आठवड्यांत तर मुद्दाम जा.

आणि देवासकडे जाताना भिंतींवर ‘गुप्तरोगी निराश न हों’ रंगवलेलं असतं ना, तिकडे जाऊ नका. अशा शक्तीवर्धक औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून मराठीत हे सगळं सरळ शब्दांत लिहीत होते, खटले झाले तरी लिहीत राहिले, आणि आपण अजून ‘कमजोरी’ म्हणतोय.

आज रात्री तिला एवढंच विचारा, तुला दुखायचं ते अजून दुखतं का. मधे बोलू नका, स्वतःचं काही सांगू नका, ती रडली तर रडू दे. डॉक्टरकडे जाल तेव्हा दोघे जा, आणि तुमच्या सगळ्या चालू औषधांची नावं लिहून न्या, जिममधली पावडरसुद्धा. ती अर्धी उरलेली स्ट्रिपही टाकू नका, मागचं नाव आणि एमजी वाचता येईल अशी खिशात घेऊन जा, मेडिकलवाल्याने नक्की काय दिलं होतं ते मलाही तुमच्या वर्णनावरून कळलेलं नाही.